एका पाड्याची चार नावं: दुर्गम भागातली नोकरी, एकस्तर आणि घरभाडे

सरकारी नोकरीत नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी किंवा तोरणमाळकडे बदलीचा आदेश निघाला, की घरात पहिला प्रश्न येतो: तिकडे जास्तीचं काय मिळतं? कार्यालयात कुणी सांगतं, "एकस्तर लागेल," म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळेल. कुणी म्हणतं, "पंधरा टक्के भत्ता आहे." आणखी कुणी सांगतं, "घरभाडं बंद होईल, तिथं क्वार्टर आहे." तिघांच्याही बोलण्यात थोडं खरं असतं. गोंधळ होतो तो सगळे लाभ एकाच नियमातून येतात असं धरून चालल्यामुळे. प्रत्यक्षात प्रत्येक लाभाचा शासन निर्णय वेगळा आहे आणि प्रत्येक निर्णयाची गावांची यादीही वेगळी.

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्याला सरकारी कागदांत एकाच वेळी चार नावं असू शकतात. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली तो अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे बोलीभाषेत पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेलं पेसा गाव. नियोजन आणि वेतनाच्या कागदांत तो आदिवासी उपयोजना क्षेत्रात, म्हणजे आदिवासी विकासासाठी वेगळं नियोजन असलेल्या भागात, असतो. जिल्हा परिषदेच्या बदल्यांसाठी तो अवघड क्षेत्रात धरला जातो. घरभाड्यासाठी मात्र तो फक्त झेड वर्गातलं, म्हणजे सर्वांत कमी दराचं, ठिकाण असतो. एकस्तर वेतनश्रेणी उपयोजना क्षेत्र पाहते. बदलीतला हक्क अवघड क्षेत्राची यादी पाहते. घरभाडे भत्ता यातलं काहीच पाहत नाही, तो शहराचा वर्ग पाहतो. म्हणून "आमचं गाव पेसात आहे" एवढं लिहून केलेला एकस्तराचा अर्ज परत येतो, आणि दोष कुणाचा हे अर्जदाराला शेवटपर्यंत कळत नाही.

गाव यादीत आहे का, हे आधी

खानदेशात हा प्रश्न तालुक्यानुसार बदलतो. नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा, अक्राणी म्हणजे धडगाव, तळोदा आणि नवापूर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात पूर्ण आहेत. 1985 चा अनुसूचित क्षेत्रांचा आदेश निघाला तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. त्यामुळे जुन्या यादीत ही गावं धुळ्याखाली सापडतात. यादी चाळताना नंदुरबार हे नाव शोधून "आमचं गाव नाही" असं ठरवू नका.

खरी अडचण अर्ध्या तालुक्यांची. शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, आणि जळगाव जिल्ह्यातले चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काहीच गावं यादीत आहेत. एकाच तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याचं गाव यादीत असतं आणि तापीकाठचं नसतं. अशा तालुक्यात तालुक्याचं नाव लिहून काही साधत नाही, महसुली गावाचं नाव लागतं. त्यात दुसरी मेख आहे. यादीत महसुली गाव असतं, आणि शाळा, उपकेंद्र किंवा अंगणवाडी असते पाड्यावर. आदेशात पाड्याचं नाव आणि यादीत गावाचं नाव, दोन्ही जुळत नाहीत म्हणून देयक थांबतं. यावर उपाय सोपा आहे. "अमुक पाडा हा तमुक महसुली गावात समाविष्ट आहे" असा तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला रुजू होतानाच घ्या आणि आदेशाच्या प्रतीला जोडून ठेवा. गाव उपयोजना क्षेत्रात आहे याचं पत्र एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून घ्यावं. खानदेशात अशी कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथं आहेत. माडा आणि मिनीमाडा ही आदिवासी वस्तीच्या लहान पट्ट्यांची वेगळी नावं आहेत. ती दिसली म्हणून उपयोजना क्षेत्राचे सगळे लाभ लागू होतात असं गृहीत धरू नका.

एकस्तर म्हणजे नेमकं काय

सामान्य प्रशासन विभागाचा 6 ऑगस्ट 2002 चा शासन निर्णय हा या सगळ्याचा पाया. आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्याला, तो तिथं आहे तोपर्यंत, त्याच्या पदाच्या वरच्या पदाची वेतनश्रेणी द्यायची, अशी ही कल्पना. पद तेच राहतं, काम तेच राहतं, ज्येष्ठता बदलत नाही. बदलतं ते वेतन, आणि तेही त्या क्षेत्रात असेपर्यंतच.

उदाहरण लिपिकाचं घेऊ. सातव्या वेतन आयोगात लिपिक-टंकलेखक एस-6 स्तरात असतो, सुरुवात 19900 पासून. त्याच्या वरचं पद वरिष्ठ लिपिक, एस-8, सुरुवात 25500 पासून. समजा तीन वेतनवाढी घेतलेला लिपिक धडगावला गेला. त्याचं मूळ वेतन 21700. एकस्तर लागल्यावर त्याला एस-8 मध्ये बसवलं जातं आणि त्या स्तराचा सर्वांत खालचा टप्पाच 25500 असल्यामुळे त्याचं मूळ वेतन 25500 होतं. मूळ वेतनात 3800 रुपयांची वाढ. हिशेबासाठी महागाई भत्ता 55 टक्के धरला तर त्यावर आणखी 2090, आणि घरभाडे 10 टक्के दराने 380. महिन्याला एकूण 6270 रुपये. दुर्गम भागातल्या लाभांत सर्वांत मोठी रक्कम हीच आहे. आपले लोक मात्र हजार-पंधराशेच्या भत्त्यामागे जास्त धावतात आणि एकस्तराची वेतननिश्चिती महिनोन्‌महिने पडून राहते.

ही वाढ आपोआप लागत नाही. रुजू अहवाल, गाव उपयोजना क्षेत्रात असल्याचं पत्र आणि अर्ज आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (पगाराची देयकं काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे) द्यायचा. त्यावर वेतननिश्चितीचा आदेश निघतो, त्याची नोंद सेवापुस्तकात होते आणि मग सेवार्थ किंवा शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत वेतन बदलतं. या साखळीतला सेवापुस्तकाचा दुवा सर्वांत जास्त तुटतो. प्रणालीत वेतन वाढलेलं असतं, पगार हातात येत असतो, पण सेवापुस्तकात शासन निर्णयाचा दिनांक, लागू झाल्याची तारीख आणि गावाचं नाव नसतं. दहा वर्षांनी वेतन पडताळणी पथकासमोर पुस्तक गेलं की ही वाढ कशाच्या आधारे दिली असा आक्षेप निघतो, आणि तोवर तो आदेश काढणारा अधिकारी तीन जिल्हे फिरून निवृत्त झालेला असतो.

आणखी एक नोंद हवी, आणि ती जवळजवळ कुणी ठेवत नाही: मूळ स्तरातली समांतर नोंद. धडगावला असताना लिपिकाच्या एस-8 मधल्या वेतनवाढी होत राहतील, 25500 वरून 26300, 27100, 27900. त्याच तीन वर्षांत एस-6 मधलं त्याचं काल्पनिक वेतन 21700 वरून 22400, 23100, 23800 झालं असतं. धुळ्याला परत आला की तो 27900 वरून 23800 वर येतो. मूळ वेतन 4100 ने उतरतं, 55 टक्के महागाई भत्ता धरला तर 6355 ने. काल्पनिक नोंद ठेवलेली नसेल तर परतल्यावर वेतन कुठं ठरवायचं यावरच सहा महिने जातात, आणि तोपर्यंत वाढीव पगार चालू राहिला तर तो सगळा नंतर वसुलीत निघतो.

याच कारणाने घराचं कर्ज एकस्तराच्या पगारावर काढू नये. बँक पगारपत्रक पाहून हप्ता ठरवते. तो हप्ता पंधरा-वीस वर्षांचा असतो आणि एकस्तर मात्र बदलीच्या दिवसापर्यंतच. मूळ स्तराचं वेतन धरून जेवढं झेपेल तेवढंच कर्ज घ्या.

आश्वासित प्रगती योजनेशी या लाभाची गाठ पडते तिथं प्रकरणं सर्वांत जास्त अडकतात. 2 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरचा स्तर देण्याची सुधारित योजना आली, 1 जानेवारी 2016 पासून. ज्याला आश्वासित प्रगतीत आधीच वरच्या पदाचा स्तर मिळाला आहे, त्याला पुन्हा त्याच स्तराचा एकस्तर देऊन हातात काही पडत नाही. त्याहून वर जायचं का, यावरून वाद न्यायालयापर्यंत गेले आहेत. तुमची 10 किंवा 20 वर्षं दुर्गम भागात असतानाच पूर्ण होणार असतील तर पगार वाढवून घेण्याआधी दोन्ही लाभ एकत्र कसे बसतात याचं लेखी मत आपल्या विभागाच्या लेखाधिकाऱ्याकडून घ्या. तोंडी "चालतं" यावर विसंबू नका.

पंधरा टक्के, पण पंधराशेच

त्याच काळातला प्रोत्साहन भत्ता मूळ वेतनाच्या 15 टक्के, किमान 200 आणि कमाल 1500 रुपये, असा ठरला. आज या आकड्यांचा अर्थ काय होतो ते पाहा. 15 टक्क्यांची रक्कम 10000 मूळ वेतनालाच 1500 वर पोचते. सातव्या आयोगात राज्याच्या सर्वांत खालच्या स्तराची, एस-1 ची सुरुवातच 15000 आहे. म्हणजे शिपाई असो की अधिकारी, सगळे कमाल मर्यादेवर. टक्केवारी कागदावर उरली आहे. शिपायासाठी 1500 रुपये निदान जाणवतात. वर्ग एकच्या अधिकाऱ्याला दुर्गम भागात खेचून आणण्याची ताकद त्या रकमेत नाही, आणि ही मर्यादा वाढवण्याची मागणी रास्त आहे. हा भत्ताही घोषित क्षेत्रांच्या यादीवर चालतो. शेजारच्या तालुक्यातल्या मित्राला मिळतो म्हणून आपल्याला मिळेलच असं नाही, आपल्या कार्यालयाचं ठिकाण त्या यादीत आहे का ते तपासावं.

आयकराच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. 1962 च्या आयकर नियमांतल्या 2बीबी नियमात आदिवासी क्षेत्र भत्त्याला महिन्याला 200 रुपयांची सूट आहे, पण ती मध्य प्रदेश, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, कर्नाटक, त्रिपुरा, आसाम, पश्चिम बंगाल, बिहार आणि ओडिशा या राज्यांपुरती. महाराष्ट्राचं नाव त्यात नाही. सीमेपलीकडच्या बडवानीत काम करणाऱ्याची सवलत पाहून धडगावच्या माणसाने विवरणपत्रात ती लावली तर ती चुकीची ठरते.

घरभाडं: ठिकाण कामाचं, राहण्याचं नाही

राज्यात ठिकाणांचे तीन वर्ग आहेत. सातव्या आयोगाच्या सुरुवातीला एक्स वर्गाला मूळ वेतनाच्या 24 टक्के, वाय वर्गाला 16 आणि झेड वर्गाला 8 टक्के घरभाडे भत्ता ठरला. महागाई भत्ता वाढत गेल्यावर हे दर 27-18-9 आणि मग 30-20-10 होतील अशी तरतूद होती. झेड वर्गात भत्ता 1800 रुपयांपेक्षा कमी होत नाही.

खानदेशाचं वैशिष्ट्य असं, की जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही तिन्ही जिल्ह्यांची ठिकाणं झेड वर्गातच आहेत. म्हणजे जळगाव शहरातल्या कर्मचाऱ्याला आणि मणिबेलीच्या शिक्षकाला घरभाड्याचा दर एकच. दुर्गम आहे म्हणून घरभाडं वाढत नाही, आणि जळगावहून अक्कलकुव्याला गेल्यावर ते कमीही होत नाही. फरक पडतो तो नाशिक किंवा मालेगावहून येणाऱ्याला, कारण ती दोन्ही शहरं वाय वर्गात आहेत. 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आलं की 30000 मूळ वेतनावर महिन्याला 3000 रुपये जातात, आणि कुटुंब नाशिकलाच राहिलं तर घर चालवावं लागतं दोन ठिकाणी. दर ठरतो तो नेमणुकीच्या ठिकाणावर. कुटुंब कुठं राहतं याने तो बदलत नाही.

आधीच्या ठिकाणी सरकारी निवासस्थान असेल तर बदलीनंतर ते आपोआप आपलं राहत नाही. कुटुंबासाठी ते ठेवायचं असेल तर जुन्या ठिकाणाहून कार्यमुक्त होण्याआधीच, दुर्गम भागातल्या नेमणुकीचा उल्लेख करून, लेखी अर्ज द्या आणि लेखी परवानगी मिळवा. परवानगीशिवाय मुदतीनंतर राहिलं तर दंडनीय दराने वसुली लागते. ती रक्कम एकस्तराची वर्षभराची कमाई गिळू शकते.

नव्या ठिकाणी सरकारी निवासस्थान दिलं तर घरभाडे भत्ता बंद होतो आणि पगारातून अनुज्ञप्ती शुल्क, म्हणजे त्या निवासस्थानाचं शुल्क, कापलं जातं. पती-पत्नी दोघंही शासकीय सेवेत, एकाच ठिकाणी असतील आणि एकाला निवासस्थान मिळालं असेल तर दुसऱ्याचाही भत्ता बंद. सातपुड्यात गोष्ट इथंच बिघडते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात क्वार्टर उभं असतं, पण छत गळतं, पाण्याची जोडणी नसते, दाराला कडी नसते. कार्यालयाच्या नोंदवहीत मात्र ते उपलब्ध असतं. कर्मचारी गावात भाड्याची खोली घेतो आणि घरभाडे मागतो. कार्यालय म्हणतं, निवासस्थान आहे, भत्ता नाही. नुसती तोंडी तक्रार इथं कामाला येत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा "निवासस्थान राहण्यायोग्य नाही" असा दाखला लागतो, आणि तो रुजू झाल्यापासून जितक्या लवकर घ्याल तितकं बरं. दाखल्यावर तारीख ज्या दिवसाची, भत्त्याचा दावाही साधारण त्याच दिवसापासून भक्कम उभा राहतो. निवासस्थानच नसेल तर कार्यालयप्रमुखाचं "उपलब्ध नाही" असं पत्र पुरतं.

शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांना मुख्यालयी राहण्याचा प्रश्न आहे. ग्रामविकास विभागाच्या 2019 च्या निर्णयानुसार घरभाड्यासाठी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभा नेहमीच्या चार दिवशी भरते: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. जूनमध्ये रुजू झालात तर 15 ऑगस्टच्या सभेत विषय घ्यायला लावा, तो चुकला की 2 ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागतं. ठरावात नाव, पद, गाव आणि कधीपासून राहतो ती तारीख हवी. "सर्व शिक्षक मुख्यालयी राहतात" असा मोघम ठराव लेखा विभाग परत करतो. ज्या पाड्याने पेसाखाली स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा घेतली आहे, तिथं ठराव कुणाचा चालेल हे पंचायत समितीला आधी लेखी विचारून घ्यावं. आणि खोटा ठराव घेऊ नये. तळोद्याला राहून धडगावच्या पाड्यावरचं घरभाडं घेणं हा सरळ शिस्तभंग आहे. पावसात चांदसैलीचा घाट बंद पडला आणि शाळा उघडलीच नाही, की कागद कितीही बरोबर असला तरी गाव खरं काय ते सांगतं.

भाड्याच्या खोलीवर आयकरात सूट मिळेल का? जुन्या करपद्धतीतच, आणि बहुतेक वेळा तिथंही नाही. मिळालेला भत्ता, मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त भरलेलं भाडं, आणि त्याच वेतनाचे 40 टक्के, या तिघांतली सर्वांत लहान रक्कम करमुक्त. मगाचच्या लिपिकाचं वेतन व महागाई भत्ता 39525, त्याचे 10 टक्के 3952. धडगावात खोलीचं भाडं 2500 असेल तर 10 टक्क्यांच्या वर काही उरतच नाही, सूट शून्य. भाडेपावत्या तरीही ठेवा, मुख्यालयी राहण्याचा पुरावा म्हणून त्या उपयोगी पडतात.

बदलीचा हक्क हा वेगळाच

जिल्हा परिषद शिक्षकांसाठी अवघड क्षेत्राचे निकष 7 एप्रिल 2021 च्या निर्णयात ठरले: नक्षलग्रस्त किंवा पेसा गाव, 2000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, हिंस्र प्राण्यांचा उपद्रव, वाहतुकीची सोय नसणं, मोबाइल न लागणारा भाग, डोंगरी भाग, महामार्गापासून 10 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर. सातांपैकी किमान तीन जुळले तर शाळा अवघड क्षेत्रात. तिथं तीन वर्षं काढली की बदलीसाठी अधिकार मिळतो. एकटा पेसाचा निकष पुरेसा नाही हे लक्षात घ्या.

सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दुर्गम व अवघड भागातल्या प्रत्येक वर्षासाठी पदव्युत्तर प्रवेशाच्या गुणांत 10 टक्के, जास्तीत जास्त 30 टक्के वाढ मिळते. डॉक्टरांसाठी हा लाभ कोणत्याही भत्त्यापेक्षा मोठा आहे, आणि यासाठीची यादीही पुन्हा वेगळीच.

वसुली निघाली तर

नेमणूक धडगावची आणि काम मात्र तोंडी आदेशाने नंदुरबारच्या कार्यालयात, अशी प्रकरणं आक्षेपात सर्वांत आधी सापडतात. लाभ त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करण्यासाठी आहे, त्यामुळे अशा तोंडी कामगिरीच्या (दुसऱ्या ठिकाणच्या तात्पुरत्या कामाच्या) काळातला एकस्तर आणि भत्ता वसूल होतो. कामगिरीवर पाठवत असतील तर लेखी आदेश मागा आणि त्या काळात लाभ थांबवण्याची विनंती स्वतःच करा.

कार्यालयाच्या चुकीने जास्त पैसे मिळाले असतील, तर सर्वोच्च न्यायालयाचा 18 डिसेंबर 2014 चा पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह हा निकाल आधार देतो. गट क आणि ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ चाललेली जादा रक्कम, अशा बाबतींत वसुली करता येत नाही. पण 2016 मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं, की जास्तीची रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली होऊ शकते. वेतननिश्चितीच्या वेळी सही करायला दिलेल्या कागदांत असं वचनपत्र असतं. त्यावर सही करणं बहुधा टळत नाही, पण सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा. धडगावहून कार्यमुक्त होताना सेवापुस्तकातली एकस्तराची नोंद, मूळ स्तरातली समांतर वेतनवाढ आणि "या तारखेपासून लाभ बंद" हा शेरा, तिन्ही लिहून घेऊन त्या पानांच्या साक्षांकित प्रती सोबत न्या.